उच्छ्वासाचा हिशेब

(अहिल्यानगर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टला पाडायच्या एका इंचभर भोकाविषयी मी आज बोलणार आहे. ते भोक कुठे पाडायचे, त्यात कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर कसा बसवायचा आणि त्याने दिलेल्या आकड्याचे पुढे काय करायचे, एवढाच विषय. तो लहान वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात माणसांनी एकत्र बसायच्या जागा पाहता पाहता बंद होत गेल्या आहेत. मंगल कार्यालये वातानुकूलित झाली, दवाखान्यांचे व्हरांडे काचेआड गेले, अभ्यासिकांच्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकले गेले. नगरचे मे महिन्यातले ऊन पाहता यासाठी कोणाला बोल लावता येत नाही. निजामशाहीच्या काळात, १५८३ च्या सुमारास, फराहबागेचा महाल भर तळ्यात बांधून उन्हावर उपाय शोधला गेला. आपल्याकडे तेवढे पाणी नाही, म्हणून आपण एसी लावतो. मात्र खिडकी बंद केली की तिचे काम दुसऱ्या कोणाला तरी सोपवावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणालाच सोपवलेले नसते.

अभ्यासिकेचेच उदाहरण घेऊ. पाथर्डी, जामखेड, अकोले अशा तालुक्यांतली मुले-मुली शहरात येऊन राहतात आणि पोलीस भरतीच्या, एमपीएससीच्या अभ्यासाला दिवसाचे दहा-बारा तास एका खुर्चीवर बसतात. समजा खोली ३० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच आहे. म्हणजे ६००० घनफूट, साधारण १७० घनमीटर हवा. आत ४० जण. शांत बसलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. चाळीस जणांचा झाला ७२० लिटर. खोली अगदी हवाबंद धरली, तर एका तासात त्या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत ४२०० भागांनी वाढते. दहा लाखांतले भाग म्हणजेच पीपीएम. यापुढे मी तोच शब्द वापरतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत हे प्रमाण आज ४२० पीपीएमच्या थोडे वर आहे. दाराची उघडझाप आणि फटी यांमुळे खोलीत प्रत्यक्ष आकडा इतका चढत नाही, पण दोन-तीन हजारांचे आकडे मी अशा खोल्यांत पुष्कळदा पाहिले आहेत.

तिथल्या मालकांना मी विचारतो, बाहेरची हवा आत कुठून येते? बहुतेक जण भिंतीवरच्या एसीकडे बोट दाखवतात. हा गैरसमज फार खोलवर रुजला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो. बाहेरच्या आणि आतल्या युनिटमध्ये तांब्याच्या नळ्यांतून फिरतो तो एसीतला गॅस. हवेचा एक घोटही त्या वाटेने आत येत नाही. खोली गार आहे म्हणून हवा ताजी आहे असे शरीराला वाटते, आणि इथेच फसगत होते.

आता कोणी म्हणेल, कार्बन डायऑक्साइड दोन हजार झाला तर बिघडले काय? प्रश्न रास्त आहे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतल्या चांगल्या हवेसाठी १००० पीपीएमची मर्यादा सुचवली. या वायूलाच विष मानून त्यांनी ती सुचवली नव्हती. माणसांच्या श्वासातून आणि अंगातून जे जे हवेत मिसळते, त्या सगळ्याची खूण म्हणून त्यांनी हा मोजता येणारा वायू धरला. पुढे दीडशे वर्षांनी डेन्मार्कमध्ये झालेल्या प्रयोगांनी हा भेद नेमका दाखवला. सिलिंडरमधला शुद्ध कार्बन डायऑक्साइड सोडून खोलीतली पातळी ३००० पीपीएमवर नेली, तेव्हा माणसांच्या कामावर परिणाम दिसला नाही. ताजी हवा कमी करून, माणसांच्याच उच्छ्वासाने तेवढी पातळी येऊ दिली, तेव्हा डोकेदुखी, थकवा आणि झापड वाढली. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या २०१२ च्या प्रयोगात मात्र शुद्ध वायूनेही निर्णयशक्ती मंदावल्याचे दिसले होते. तज्ज्ञांचा हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्या कामापुरते एवढे पक्के आहे, की आकडा वाढला म्हणजे आपण एकमेकांनी सोडलेली हवा पुन्हा पुन्हा आत घेत आहोत.

आणि त्या हवेत काय काय असू शकते, याचा सर्वांत ठाम पुरावा एका डक्टमधूनच मिळाला आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयरोग्यांच्या सहा खाटांच्या वॉर्डमधली हवा डक्टने वरच्या मजल्यावर नेली. तिथे पिंजऱ्यांत सुमारे दीडशे गिनीपिग ठेवले होते. त्या प्राण्यांचा रुग्णांशी संबंध कसला, तर फक्त त्या डक्टमधल्या हवेचा. महिन्यामागून महिने त्यांतल्या काहींना क्षयाची लागण होत गेली. दुसऱ्या गटाला तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन दिली; त्या गटात लागण झाली नाही. क्षय हवेतून पसरतो हे अशा रीतीने सिद्ध झाले. क्षय आपल्याकडून गेलेला नाही, आणि कोविडने हाच धडा सर्वांना पुन्हा दिला. वीस-पंचवीस वर्षांची मुले बंद खोलीत खांद्याला खांदा लावून बसलेली पाहिली, की मला बाल्टिमोरचा तो वरचा मजला आठवतो.

सेन्सर कुठे बसवायचा हे सांगण्यापूर्वी आणखी एक समजूत दूर करायला हवी. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तेव्हा सेन्सर जमिनीलगत लावा, असा सल्ला जाणकार माणसेही देतात. खड्ड्यात, विहिरीत, टाकीत ही गोष्ट खरी आहे आणि तिची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात ९ एप्रिल २०२४ रोजी, बायोगॅसच्या शेणकाल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला वाचवायला एकामागून एक माणसे उतरली आणि पाच जणांचा जीव गेला. कमरेला दोर बांधून उतरलेल्या सहाव्याला वर ओढता आले. अशा जागी मिथेन, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड साठतात, ऑक्सिजन उरत नाही. आज मी ज्या सेन्सरविषयी बोलतो आहे तो तिथे कामाचा नाही. तो मिथेन ओळखत नाही, हायड्रोजन सल्फाइड ओळखत नाही. तिथे दोर, वरून हवा सोडणारा पंखा, हे तिन्ही वायू आणि ऑक्सिजन मोजणारे उपकरण आणि श्वसनयंत्र लागते. यांतले काहीच जवळ नसेल, तर कितीही जिवाचे माणूस आत असले तरी उतरायचे नाही.

साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतही तेच. १९५० मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर हा जिल्हा कारखान्यांचा झाला. मळी आंबताना ४६ किलो अल्कोहोलमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे जवळपास वजनास वजन. तो हवेपेक्षा दाट असतो, टाकीच्या कडेवरून खाली उतरतो आणि जमिनीलगत पसरतो. तिथे सेन्सर खालीच हवा, आणि तिथला विचारही वेगळा. आठ तासांच्या पाळीसाठी ५००० पीपीएमची मर्यादा मानतात आणि ४०,००० ला जिवाला तत्काळ धोका धरतात.

सभागृहात असे होत नाही. आपला उच्छ्वास गरम आणि दमट असतो, अंगाच्या उबेने भोवतालची हवाही वर चढत असते आणि वर पंखे तिला सतत घुसळत असतात. हजार पीपीएम म्हणजे दशांश एक टक्का. एवढ्याने हवा जड होऊन तळाला बसत नाही. म्हणून खोलीत सेन्सर लावायचा तर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीच्या आसपास, जमिनीपासून ३ ते ६ फुटांवर, आणि कोणाचा श्वास थेट त्यावर जाणार नाही अशा जागी लावतात. मोठ्या दालनांत हे अवघड जाते. कोणी त्यावर शाल टांगतो, कोणी समोर फुलांची कमान उभी करतो. तिथे डक्टमधला सेन्सर उपयोगी पडतो.

मोठ्या दालनांचा विचार करायचा तर शिर्डी डोळ्यांसमोर येते. तिथल्या नव्या दर्शन रांग संकुलाचे उद्घाटन २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले, आणि त्यातल्या प्रतीक्षागृहांत मिळून दहा हजारांवर भाविकांची सोय आहे. अशा वास्तूत दहा हजार माणसे असली, की मघाच्या हिशेबाने त्यांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तासाला १ लाख ८० हजार लिटर होतो. दुष्काळात आपण ज्या दहा हजार लिटरच्या टँकरची वाट पाहतो, तसे अठरा टँकर दर तासाला. तो बाहेर काढायला प्रत्येकामागे सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा धरली, तर सेकंदाला १०० घनमीटर हवा आत घ्यावी लागते. मे महिन्यात ती ४० अंशांची असते. तिला २५ अंशांवर आणायलाच सुमारे साडेचारशे टन क्षमतेचे शीतकरण लागते. रामनवमीला, गुरुपौर्णिमेला, विजयादशमीला किंवा एखाद्या गुरुवारी ते लागतेच. पण आडवारी दुपारी दोनच हजार माणसे असतील, तर त्याच्या पाचव्या हिश्शात भागते. माणसे मोजत बसायची गरज नाही. त्यांचा उच्छ्वासच त्यांची संख्या सांगतो. तो मोजून बाहेरच्या हवेचा डँपर, म्हणजे झडप, कमी-जास्त उघडायचा, म्हणजे वीजही वाचते आणि गर्दीच्या दिवशी जीवही गुदमरत नाही. या दोन गोष्टी एकाच यंत्राने साधतात, म्हणून मला त्याचे एवढे अगत्य आहे.

प्रत्येकी १० लिटर धरले की १००० हा आकडा कसा येतो, तेही पाहा. तासाला १८ लिटर म्हणजे सेकंदाला ५ मिलिलिटर. ५ मिलिलिटर १० लिटर हवेत मिसळले, की ५०० पीपीएम. बाहेरचे ४२० मिळवले की ९२०. पेटेनकोफरची मर्यादा आणि आजचे गणित असे जवळ येते.

सेन्सरच्या आत काय असते? अवरक्त किरणांचा लहानसा दिवा, एक पोकळी, आणि समोर किरण टिपणारा शोधक. कार्बन डायऑक्साइडचे रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण शोषतात. रेणू जितके जास्त तितका समोर पोहोचणारा प्रकाश कमी. चांगल्या सेन्सरमध्ये जवळचीच दुसरी एक तरंगलांबी तुलनेसाठी मोजतात, म्हणजे दिवा म्हातारा झाला किंवा धूळ बसली तर कळते.

हा सेन्सर मोजतो ते रेणू, आणि त्यांची संख्या हवेच्या दाबावर ठरते. नगर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. इथला दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सात टक्के कमी. समुद्रसपाटी धरून आलेला सेन्सर तसाच बसवला, तर खरे १००० असताना तो ९३० दाखवील आणि डँपर उशिरा उघडेल. अकोले तालुक्यातल्या कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, तोच सेन्सर नेला तर सह्याद्रीच्या स्वच्छ हवेला तो ३४५ च्या आसपासचा आकडा देईल. सेन्सरमध्ये उंची भरायची सोय बहुधा असते. ती भरली का, हे काम घेणाऱ्याला जरूर विचारा.

आता भोकाकडे येऊ. हवा आत सोडणारा डक्ट वेगळा आणि खोलीतली हवा परत नेणारा रिटर्न डक्ट वेगळा. सेन्सर रिटर्न डक्टमध्ये बसवायचा. सगळ्या ग्रिलमधली हवा एकत्र आल्यानंतर, पण बाहेरची ताजी हवा त्यात मिसळण्याच्या आधी. या दोहोंमधला तुकडा प्रत्यक्ष जागेवर कधी जेमतेम हातभर असतो, आणि मग फिटर सोयीची जागा पाहून मिश्रणाच्या पेटीपुढे भोक पाडतो. तिथे आकडा नेहमी सुंदर येतो, कारण तिथे ताजी हवा मिसळलेली असते. सरळ तुकडा निवडावा. वाकणाला लागून हवेचे भोवरे होतात. गार कॉइलच्या लगेच पुढे तर मुळीच नको, तिथल्या दवाने आतली काच झाकोळते.

डक्टवर नायट्राइल रबराचे आवरण असते. ते चौकोनात कापून बाजूला ठेवावे, होल सॉने भोक पाडावे, पत्र्याची धार कानशीने मारावी आणि पत्र्याचा कीस आत पडू देऊ नये. सेन्सरच्या नळीवर हवेच्या दिशेचा बाण असतो. नळीला दोन कप्पे असतात; वाहती हवा एकातून वर चढून डक्टबाहेरच्या सेन्सरच्या पेटीत जाते आणि दुसऱ्यातून परत डक्टमध्ये येते. नळी फिरलेली असली तर पेटीत तीच शिळी हवा बसून राहते.

यानंतरची गोष्ट सर्वांत जास्त चुकते. रिटर्न डक्ट पंख्याच्या ओढीच्या बाजूला असतो. त्याच्या आत दाब कमी असतो. नळीभोवतीचे गॅस्केट नीट बसले नाही, तर फॉल्स सीलिंगवरची हवा भोकातून आत ओढली जाते. गॅस्केट बसले पण वायरचा पाइप उघडा राहिला, तर पाइपातून हवा थेट सेन्सरच्या पेटीत शिरते, आणि पाइपाचे दुसरे टोक असते डँपर चालवणाऱ्या पॅनेलच्या खोलीत. मग सभागृहात हजार माणसे बसली असली तरी सेन्सर पॅनेलच्या रिकाम्या खोलीची हवा मोजत राहतो. वायर ओढून झाली की पाइपाचे तोंड सिलिकॉनने बुजवायला पाच मिनिटे लागतात. कंत्राटाच्या बिलात ही पाच मिनिटे कुठेच लिहिलेली नसतात, म्हणून ती राहून जातात.

जोडणीविषयी माझे मत ठाम आहे. ० ते १० व्होल्टच्या तारेपेक्षा ४ ते २० मिलिअँपिअरची जोडणी घ्या. ० ते २००० पीपीएमच्या पट्ट्यात १२ मिलिअँपिअर म्हणजे १०००. महत्त्वाचे असे, की शून्य पीपीएमलाही तारेतून ४ मिलिअँपिअर वाहतात. उंदराने तार कुरतडली तर प्रवाह शून्य होतो आणि बिघाड लगेच उघड होतो. व्होल्टच्या जोडणीत तार तुटली तर पॅनेलला शून्य व्होल्ट म्हणजे शून्य पीपीएम दिसते, हवा अतिशय शुद्ध आहे असे समजून ते डँपर बंद करते, आणि आत माणसे तशीच बसून राहतात. सेन्सर बिघडला तर डँपर उघडाच राहिला पाहिजे. वीज थोडी जास्त जळू द्या.

पंखा बंद असताना डक्टमधल्या आकड्याला अर्थ नसतो. तिथे तेव्हा थांबलेली हवा असते. पंखा सुरू झाल्यावर काही मिनिटांनी वाचावे. तीन खोल्यांचा एकच रिटर्न असेल, तर डक्टमधला सेन्सर तिन्हींची सरासरी सांगतो. दोन रिकाम्या असल्या की तिसरीतली दाटी त्या सरासरीत लपते. अशा ठिकाणी प्रत्येक खोलीत वेगळा सेन्सर लावण्याला पर्याय नाही. मंगल कार्यालयात भटारखाना शेजारी असेल तर शेगड्यांचा वायूही आकड्यात येतो. जनरेटरचा धूर ताज्या हवेच्या तोंडाशी जात असेल, तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडची या सेन्सरला गंधवार्ताही नसते. त्यासाठी वेगळा सेन्सर हवा, आणि त्याआधी जनरेटर हलवायला हवा.

अभ्यासिका चालवणाऱ्यांसाठी शेवटचे. तुमच्याकडे डक्ट नाही. चाळीस जणांसाठी सेकंदाला ४०० लिटर, म्हणजे फिटरच्या भाषेत सुमारे ८५० सीएफएम बाहेरची हवा हवी. एका भिंतीला तेवढी हवा आत घेणारा जाळीचा, गाळणीचा पंखा आणि समोरच्या भिंतीला वर हवा जाण्याची वाट, एवढ्याने भागते. एसीचे बिल वाढेल, ते धरून चाला. भिंतीवर सेन्सर लावा आणि तो मुलांना दिसेल असा लावा. आकडा १२०० च्या वर गेला की दार उघडायचा अधिकार त्यांना द्या.

मात्र तो विकत घेताना एक पाहा. पुष्कळ सेन्सर स्वतःला आपोआप दुरुस्त करतात. आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची मोकळी हवा, असे ते गृहीत धरतात. रात्री रिकाम्या होणाऱ्या कार्यालयात हे ठीक आहे. आपल्या अभ्यासिका चोवीस तास उघड्या असतात, दवाखान्याचा अतिदक्षता विभाग कधी रिकामा होत नाही. तिथला सर्वांत कमी आकडा ८०० असेल, तर सेन्सर त्यालाच ४०० समजू लागतो आणि आठवड्यागणिक खोटे सांगत जातो. अशा जागी ही सोय बंद करून ठेवा. सहा महिन्यांतून एकदा पहाटे, रस्त्यावर वर्दळ सुरू होण्यापूर्वी, सेन्सर गच्चीवर नेऊन अर्धा तास मोकळ्या हवेत ठेवा. उंची भरलेली असेल तर तो ४२० च्या जवळ यायला हवा, भरलेली नसेल तर ३९० च्या. न आल्यास तिथेच दुरुस्त करा, आणि तारीख व आकडा भिंतीवर त्याच्या शेजारी लिहून ठेवा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.